संस्था, सेवक आणि एक वकील

जुनीं दप्तरें चाळतांना संग्राहकांची दृष्टि सनदा, महजर व वतनपत्रें यांवर खिळते. वकालतनाम्यास सहसा कोणी हात लावीत नाहीं. वस्तुतः स्थानिक संस्था व तिचा सेवक यांवर एकच फिर्याद झाली आणि दोघांनीं मिळून एकच वकील दिला, तर त्या कागदावरून दोघांचा परस्परसंबंध जितका कळतो तितका पुष्कळदां निकालपत्रावरूनहि कळत नाहीं. म्हणून त्याचा विचार येथें करितों.

धाराशिव प्रांत कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत होता. त्याच राज्यांत सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं (इ. स. १०७६–११२६) विज्ञानेश्वरानें मिताक्षरा रचिली. व्यवहारप्रकरणीं नारदाचा नियम असा कीं, प्रतिनिधीनें वाद केला तरी जय वा पराजय त्यास नेमणाराचाच. आणि आप्त नसतां व नेमणूक नसतां दुसऱ्यासाठीं बोलणारा दंडास पात्र. कात्यायन आणखी पुढें जातो: महापातकादि घोर अपराधांत प्रतिनिधि देऊंच नये, कर्त्यानें स्वतः उत्तर द्यावें. सारांश, अधिकार ज्याचा त्यानेंच दिला पाहिजे, आणि कांहीं दोष दुसऱ्याच्या मुखीं सोंपवितां येत नाहींत.

मराठेशाहींतील महजरांतहि हेंच तत्त्व दिसतें. मजकूर सर्वांचा एक. परंतु ज्याची त्याची निशाणी वेगळी, कुणब्याचा नांगर तेवढा त्याचाच. त्या काळीं ‘वकील’ म्हणजे दरबारीं राहणारा प्रतिनिधि. निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे होते ते पेशव्यांचे. त्यांचा धनी एक. पुढें तोच शब्द कचेरींत आला आणि एका वकिलास दोन धनी असूं लागले.

१९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेच्या २७ व्या आदेशांत याची व्यवस्था आहे. अधिकाऱ्यावरील दाव्याचा बचाव सरकारनें पत्करल्यास सरकारी वकिलानें तसा अधिकार मिळवून न्यायालयास अर्ज करावा, व त्याची नोंद दाव्यांच्या नोंदवहींत व्हावी. अर्ज न झाल्यास दावा खासगी पक्षांतल्याप्रमाणें चालतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत असलेल्या या जिल्ह्यास ही संहिता ता. १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली. परंतु ता. १ मे १९६२ रोजीं अस्तित्वांत आलेली जिल्हा परिषद किंवा नगरपालिका म्हणजे सरकार नव्हे. तेथें एकत्र बचावाचा मुख्य आधार वकालतनामाच.

एक वकील दिल्यानें खर्च वांचतो व उत्तरांत विसंगति राहत नाहीं, हें खरें. पण अतिक्रमण पाडल्याबद्दल दावा झाला, सेवक म्हणाला ‘ठरावाप्रमाणें केलें’, आणि संस्था म्हणाली ‘ठरावाबाहेर केलें’, म्हणजे काय? दोघांचीं गुपितें ज्याच्यापाशीं, तो वकील एकाचें राखूं गेल्यास दुसऱ्याचें बुडतें. अशीलाचें गुपित राखण्याचें त्याचें कर्तव्य १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें, तेंच ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यांतहि आहे. अशा वेळीं दोन्ही वकालतनामे सोडणें हाच त्यास सरळ मार्ग. नाहीं तर वकिलाची फी देणारी संस्था बोलते, पगारावर जगणारा सेवक गप्प राहतो, आणि हुकूमनाम्याचा भार त्याच्या घरावर येतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, असा कागद रद्दींत टाकूं नये. वकालतनामा एक कीं दोन, सह्या कोणाच्या व कोणत्या मितीच्या, संस्थेचा ठराव जोडला आहे काय, आणि सेवकानें पुढें निराळा वकील दिला काय, एवढें टिपून ठेवावें. जो सेवक न्यायालयांत बोलला नाहीं, त्याची बाजू कदाचित् त्या दुसऱ्या वकालतनाम्याच्या तारखेवरूनच कळेल.