'चार'मधला च, 'चारा'मधला च

आर्मेनियन शिकायला घेतली की पहिले दिवस अक्षरं गिरवण्यातच जातात. घोड्याच्या नालेसारखी, आकड्यांसारखी वळणं, त्यांत ओळखीचं काही सापडत नाही. पण कान लावला की मराठी माणूस सुखावतो. 'चार' आणि 'चारा' यांतले च आपण वेगळे उच्चारतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतले ज वेगळे. लिहिताना मात्र प्रत्येक जोडीला एकच अक्षर. आर्मेनियन लिपीत या चारही उच्चारांना स्वतंत्र अक्षरं आहेत. छ आहेच, शिवाय 'चारा'मधल्या चचं महाप्राण रूपही आहे. ते तेवढं आपल्याकडे नाही.

एवढ्या बारकाईचं श्रेय मेसरोप माश्तोत्स या माणसाचं. चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण धर्मग्रंथ वाचले जात ते ग्रीक आणि सिरियाक भाषांत. समोर बसलेल्यांना ते समजत नसत. माश्तोत्स आधी दरबारात लेखनिक होता, मग संन्यासी झाला. गावोगाव उपदेश करताना त्याला ही अडचण टोचू लागली. धर्मप्रमुख साहाक आणि राजा व्रामशापुह त्याच्या पाठीशी उभे राहिले.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फसलेला प्रयोग. दानिएल नावाच्या सिरियन बिशपाकडे आर्मेनियनसाठी काही अक्षरं आहेत असं कळलं. ती आणवली, मुलांना गोळा करून सुमारे दोन वर्षं शिकवली. बोलीतले सगळे ध्वनी काही त्यांत मावेनात. माश्तोत्सचा शिष्य कोर्युन याने गुरूचं चरित्र लिहिलं, त्यात हे नोंदलेलं आहे. आर्मेनियन लिहायला बसलेले ते पहिले नवशिके. जे तोंडाने म्हणता येत होतं ते पाटीवर उतरत नव्हतं, आणि दोष मुलांचा नाही, अक्षरांचा आहे हे त्यांच्या गुरूने ओळखलं.

मग तो एदेसाला गेला, तिथून सामोसाताला. तिथे रुफिनुस या ग्रीक सुलेखनकाराने अक्षरांना घाट दिला. इसवी सन ४०५च्या सुमारास ३६ अक्षरं सिद्ध झाली. पहिलं भाषांतर सुरू झालं ते बायबलमधल्या नीतिसूत्रांपासून. क्रम बराचसा ग्रीक वर्णमालेचा. ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींची अक्षरं अधूनमधून बसवली. आयब आणि बेन या पहिल्या दोन अक्षरांवरून वर्णमालेला 'आयबुबेन' म्हणतात. हीच अक्षरं आकडेही झाली: नऊ-नऊंच्या चार ओळी, एकक, दशक, शतक, सहस्र. जुन्या शिलालेखांत सालं अशीच कोरलेली दिसतात. मध्ययुगात आणखी दोन अक्षरांची भर पडली.

ब, प आणि महाप्राण फ, किंवा ग, क, ख असे तिहेरी भेदही या लिपीत आहेत. इंग्रजीतून येणारा नवशिका प आणि फ यांत अडखळतो, आपण नाही. पूर्व आर्मेनियनमध्ये, म्हणजे येरेवानच्या भाषेत, हे तिन्ही उच्चार टिकलेत. पश्चिम आर्मेनियनमध्ये तिनांचे दोन झाले आणि बेन हे अक्षर तिथे फसारखं वाचतात. म्हणून मराठी माणसाने सुरुवात पूर्वेकडून करावी.

४४०मध्ये माश्तोत्स वारला. त्याची समाधी ओशाकान गावात आहे. १७९४ साली जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' निघालं ते मद्रासमध्ये, त्याच अक्षरांत.