आवाज गेल्यावर

परीक्षा जवळ आल्या, की आपल्या शाळांतून एक गोष्ट हमखास आढळते. गुरुजींचा नाहीतर बाईंचा आवाज बसलेला असतो. वर पत्रा, शेजारच्या वर्गात पाढ्यांचा गजर, समोर पन्नास-साठ मुले. घसा ताणल्याशिवाय भागत नाही. मग खडीसाखर, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या सुरू होतात. कीर्तनकार आणि शाहीर यांचीही हीच गत. ज्याचे पोट आवाजावर, त्याचा आवाजच गेला तर त्याने करावे काय? प्रश्न जुना आहे, आणि त्याचे एक उत्तर शोधले ते स्वतःचा आवाज गमावून बसलेल्या एका गायकानेच.

मॅन्युएल गार्सिया हा १८०५ साली जन्मलेला स्पॅनिश गायक. सारे घराणेच गाणारे. १८२५ साली वडिलांनी कुटुंब न्यूयॉर्कला नेऊन तेथे ऑपेराचे, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाचे, खेळ लावले. या वीस वर्षांच्या मुलालाही त्यात सारखे गावे लागले. कोवळा आवाज त्या ओझ्याखाली मोडला आणि पंचविशीच्या आसपास रंगभूमी सुटली. दुसरा कोणी नशिबाला बोल लावीत बसला असता. याने लष्करी इस्पितळात जाऊन माणसाच्या घशाची रचना अभ्यासली आणि गाणे शिकवण्याचा व्यवसाय धरला.

१८४१ मध्ये पॅरिसला त्याच्याकडे स्वीडनची जेनी लिंड आली. वय वीस, पण दहाव्या वर्षापासून रंगमंचावर उभी; आवाज पार झिजलेला. गार्सियाने ऐकले आणि तुझा आवाज आता उरलेलाच नाही, असे तोंडावर सांगितले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा त्याने अट घातली : सहा आठवडे गायचे नाही, बोलायचेही होईल तितके कमी, मग ये. बघा, एवढ्या लांबून गाणे शिकायला आलेल्या मुलीला पहिला धडा मिळाला तो मौनाचा! तिने तो पाळला. आवाज थोडा सावरला, आणि पुढे सुमारे दहा महिने श्वास कसा घ्यावा, जोर न करता सूर कसा लावावा, हे तिने मुळापासून गिरवले. १८४२ मध्ये ती मायदेशी पुन्हा रंगमंचावर आली.

पण मौनाने घशात नेमके काय होते, हे गार्सियाला तरी कुठे दिसत होते? मेलेल्या माणसाचा घसा चिरून पाहता येई. गाणाऱ्याचा कसा पाहणार? काही डॉक्टरांनी आरशाचे प्रयोग केले होते, ते मागे पडले. १८५४ साली पॅरिसमध्ये फिरताना काचेवर चमकणारे ऊन पाहून गार्सियाला युक्ती सुचली. त्याने दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा चिमुकला आरसा विकत घेतला, वाफ धरू नये म्हणून गरम पाण्यात बुडवून पुसला, पडजिभेशी धरला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले. श्वास घेताना उघडणाऱ्या आणि सूर लावताच जवळ येणाऱ्या दोन पट्ट्या त्याला दिसल्या. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला.

पुरुषाच्या साध्या बोलण्यात या स्वरपट्ट्या सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकींवर आपटतात, स्त्रीच्या दोनशेच्या आसपास. ओरडले, की आपटणे जोराचे होते. रोज तसेच चालले तर घट्टे धरतात, नांगर धरणाऱ्याच्या तळहाताला धरतात तसे. विश्रांती दिली आणि बोलण्याची रीत बदलली, तर ते बहुधा उतरतात. ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते खरे, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, पट्ट्यांवर पडत नाही. सारखे खाकरणे तर त्या दुखऱ्या जागेवर चापट मारण्यासारखेच. आणि तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही, तर घसा डॉक्टरला दाखवाच. तंबाखू-विडीवाल्यांनी तर विशेष. घशाच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी एवढीच असते.

गार्सियाचा निबंध वाचला गेला त्याच १८५५ साली इकडे राजस्थानात अल्लादिया खाँ जन्मले. तरुणपणी आमलेटा नावाच्या लहान संस्थानात असताना, तिथल्या राजाला त्यांचे गाणे इतके आवडे, की खाँसाहेबांना तासन्‌तास गावे लागे. अखेर आवाज गेला. सुमारे दोन वर्षांनी परत आला, पण पहिला गोडवा, पहिली फिरत घेऊन नव्हे. त्या जड आवाजाला पेलेल अशी, पेचदार तानांची आणि लयीत गुंफलेली गायकी त्यांनी बांधली. आवाज बिघडला म्हणूनच ती जन्मली, असे म्हणतात. मला हे जरा सरधोपट वाटते. घरची विद्या आणि वर्षांची तालीम पाठीशी नसती, तर नुसत्या बिघडलेल्या आवाजातून काय उभे राहणार होते? १८९५ साली शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी ठेवले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे शिष्य. खाँसाहेबांनी स्वतःच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका काही होऊ दिली नाही. त्यांचे गाणे कसे असेल, हे आपण केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या मुद्रिका लावून ताडायचे.