थिंगी:९१ : सिमकार्डवर चालणाऱ्या या आयओटी बोर्डमध्ये काय काय आहे?

नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टर कंपनीचा ‘थिंगी:९१’ हा बोर्ड वाय-फायशिवाय, थेट मोबाइल नेटवर्कवरून सेन्सरची माहिती पाठवतो.

- मुख्य चिप : एनआरएफ९१६०. ६४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, मोडेम आणि जीपीएस एकाच ठिकाणी.
- ब्लूटूथ : वेगळी एनआरएफ५२८४० चिप.
- सेन्सर : तापमान, आर्द्रता, हवेचा दाब व गुणवत्ता, प्रकाश, हालचाल.
- बॅटरी : १४४० एमएएच, यूएसबीवर चार्ज होते.

मोडेम आणि जीपीएस एकच रेडिओ वापरतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत.

घेण्याआधी हे तपासा : यातला मोडेम फक्त एलटीई-एम आणि एनबी-आयओटी नेटवर्कवर चालतो. तुमच्या भागात यांपैकी एकही नसेल, तर फोनमधलं ४जी सिम घालूनही बोर्ड जोडला जाणार नाही.