तुरुंगाच्या आवारातील बिऱ्हाड

मराठी वाचकाला तुरुंग ठाऊक आहे तो कैद्यांच्या लेखणीतून. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पहारेकरी आपल्या डोळ्यांपुढे येतो तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन, आणि कुलूप लावून निघून जातो. तो जातो कोठे? पुष्कळदा त्याच आवारातल्या खोलीत, बायकामुलांकडे. त्या घराविषयी आम्हांस येथे बोलावयाचे आहे.

इंग्रज सरकारच्या १८९४ च्या तुरुंग कायद्याने जेलरचे बिऱ्हाड नेमूनच दिले होते. अधीक्षकाने लेखी परवानगी दिली नसेल तर त्याने तुरुंगातच राहावे आणि परवानगीवाचून एक रात्रही बाहेर काढू नये, असे त्यात कलम होते. हाताखालच्या नोकराने परवानगी किंवा दोन महिन्यांची लेखी नोटीस न देता काम सोडले, अगर जाणूनबुजून रजा लांबवली, तर २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गिरणीत खाडा झाला तर पगार कापला जाई. येथे खाडा करणाराच कैदी होण्याचा संभव! मग गावी आई आजारी असो की बहिणीचे लग्न असो.

अशा आवारात संसार कसा चालतो, याची हकीकत मराठीत आमच्या वाचनात फारशी आली नाही. अमेरिकेतील आल्कट्राझ बेटाची मात्र उपलब्ध आहे. कारण तेथे वाढलेल्या मुलांनी पुढे आपल्या आठवणी सांगितल्या.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातले हे सुमारे २२ एकरांचे खडकाळ बेट. १९३४ पासून १९६३ पर्यंत तेथे अमेरिकन केंद्र सरकारचा अत्यंत कडक तुरुंग होता. वर टेकडीवर अल कपोनसारखे नामांकित गुन्हेगार कोठड्यांत, आणि खाली धक्क्याजवळ जुन्या लष्करी बराकीत व इतर घरांत नोकरांची बिऱ्हाडे. सुमारे ६० कुटुंबे. पिण्याचे पाणीसुद्धा बोटीने येई. मुले बोटीने शहरातल्या शाळेत जात. खेळण्यातली बंदूक बाळगण्याची त्यांना मनाई होती. हुबेहूब बंदूक कैद्याच्या हाती पडली तर काय होईल, हे सांगावयास नको. इतके असूनही त्या लोकांनी तेथे गाव वसवले. दुकान होते, टपाल कचेरी होती, करमणुकीचे सभागृह होते. दाराला कुलूप लावण्याची गरज वाटत नसे, असे त्यांतले कित्येक सांगत.

मग मे १९४६ मध्ये काही कैद्यांनी शस्त्रे हस्तगत केली व पहारेकऱ्यांना कोठड्यांत डांबले. २ ते ४ मेपर्यंत झुंज चालली. दोन पहारेकरी आणि तीन कैदी प्राणास मुकले. इतर कामगारांच्या बायका अपघाताची बातमी घरी येण्याची वाट पाहतात. या बायकांच्या घरापर्यंत गोळीबाराचा आवाजच येत होता.

२१ मार्च १९६३ रोजी तुरुंग बंद झाला. कारण मुख्यतः खर्चाचे. १९५९ साली तेथे एका कैद्यामागे रोज सुमारे १० डॉलर लागत. अटलांटाच्या तुरुंगात ३ डॉलर पुरत. कैदी दुसरीकडे हलवले गेले आणि बिऱ्हाडेही उठली. नोकरीबरोबर आलेले घर नोकरीच्या जागेबरोबर गेले.

कामगार चळवळीत आम्ही राहत्या घराची मागणी करत आलो, आणि ती केलीच पाहिजे. परंतु घर मालकाच्या आवारात असले म्हणजे पाहुण्यांच्या येण्याजाण्यापासून पोरांच्या खेळण्यांपर्यंत मालकाचा नियम चालतो. म्हणून खोलीची मागणी करताना हक्काची रजा, मुलांच्या शाळेची सोय आणि नोकरी सुटल्यावर खोली सोडण्यास पुरेशी मुदत, हेही कागदावर आले पाहिजे. तुरुंगाचा इतिहास लिहिणाऱ्यानेही भिंतीआडच्या कोठड्यांबरोबर भिंतीलगतच्या खोल्या मोजाव्यात. तेथे राहणाऱ्या बायकामुलांनी कोणताच गुन्हा केला नव्हता.