डोंगरापलीकडचा आवाज

श्रोतेहो, माझं बालपण राधानगरीच्या डोंगरात गेलं. गुऱ्हाळाच्या दिवसांत छपराच्या मेढीला ट्रान्झिस्टर टांगलेला असे. कोल्हापूरला तेव्हा स्वतःचं केंद्र नव्हतं. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं केंद्र सुरू केलं, पुण्याला १९५३ मध्ये आणि सांगलीला १९६३ मध्ये आकाशवाणी आली. हे सांगली केंद्रच आमचं घरचं केंद्र!

एवढे डोंगर ओलांडून तो आवाज येई कसा? आमच्या गुरुजींनी कासरा झाडाला बांधून दाखवला होता. हात वरखाली हलवला, की कासऱ्यावरून लाट धावते. लाटेची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त केली, की झालं ए.एम.; उंची तीच ठेवून वेग बदलला, की एफ.एम. सांगलीची लहर १२५१ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साडेबारा लाख कंपनं. एका लहरीची लांबी सुमारे २४० मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून जाते. एफ.एम.ची जेमतेम तीन मीटरची लहर बरीचशी सरळ रेषेत जाते आणि डोंगराआड अडते.

मात्र विजेचा कडकडाट लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करतो. म्हणून वळवाच्या पावसात आमचा रेडिओ खरखरायचा. एफ.एम.ला तो त्रास फारसा नाही. २३ जुलै १९७७ रोजी, मुंबई केंद्राला बरोबर पन्नास वर्षं होताना, मद्रासला देशातलं पहिलं एफ.एम. प्रक्षेपण सुरू झालं. पुढं कोल्हापूरलाही एफ.एम. केंद्र मिळालं आणि गाणी स्वच्छ ऐकू येऊ लागली.

ए.एम.ला उंच मनोरा लागतो, वीजही फार लागते. त्यामुळं देशातली बरीच मध्यम लहरींची प्रक्षेपणं अलीकडं बंद झाली. खर्चाचा हिशेब खोटा नाही. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत वीज नव्हती, मोबाइल निपचित पडले होते. मी माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर काढला, दोन सेल घातले. सूर्य मावळला, की वातावरणाचा लहरी शोषणारा थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी दूरवर पोचतात. त्या रात्री खरखरीतून पुणं बोलू लागलं. अंधारात बसलेले शेजारी कान देऊन बातम्या ऐकत होते.

गाणी कुठूनही मिळतील, श्रोतेहो. अशा रात्रीसाठी एखादी लांब लहर मात्र राखून ठेवायला हवी.