धर्माबादहून एम.ए. मराठीची वाट

मराठी साहित्यात एम.ए. करू पाहणाऱ्या धर्माबादच्या विद्यार्थ्याला गेल्या शतकभरात तीन विद्यापीठे लाभली : हैदराबादचे उस्मानिया, औरंगाबादचे मराठवाडा आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. तिन्ही शहरे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने एकमेकांना जोडलेली आहेत. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे धर्माबाद हे याच मार्गावरचे, तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेले स्थानक. पुढचे स्थानक बासर, तिथे तेलुगू मुलूख सुरू होतो. रेल्वे होती, तरी पदव्युत्तर शिक्षण गावाच्या आवाक्यात यायला मोठा काळ जावा लागला.

तेव्हा हा भाग हैदराबाद संस्थानात होता. तिथले निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानंतर १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. माध्यम उर्दू होते. त्यासाठी दारुल तर्जुमा हे स्वतंत्र भाषांतर खाते उभारून शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले गेले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठा प्रयोग होता, पण राज्यातल्या मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांसाठी उर्दूही परकी भाषाच होती. मराठी हा तिथे एक विषय होता, आणि त्याला चांगले अध्यापक मिळाले. त्यांतले डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतरचनांचा ‘मुक्त-मयूरांची भारते’ हा अभ्यास सिद्ध केला. भोवती सगळा कारभार उर्दूत चाललेला असताना मराठी पंडिती काव्याचा इतका बारकाईने विचार व्हावा, ही मराठवाड्याच्या विद्याइतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

मराठवाड्यात मात्र उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघाले. त्यापुढच्या पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ गाण्यावरच्या बंदीविरुद्ध झालेल्या आंदोलनात विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. खेड्यातल्या शेतकरी घरातल्या मुलाला यांतले काहीच परवडणारे नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि दोनच वर्षांत दोन महत्त्वाची महाविद्यालये उभी राहिली. नांदेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले, औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली.

तिथल्या मराठी विभागाला वा. ल. कुलकर्णी यांच्यासारखा समीक्षक विभागप्रमुख लाभला. पुढे यू. म. पठाण यांनी ते पद सांभाळले आणि महानुभाव पंथाच्या वाङ्मयाचे संशोधन विभागाची ओळख बनवले. मराठवाड्यात एम.ए. करण्याला यामुळे एक वेगळा अर्थ आला. ‘लीळाचरित्रा’त येणारे पैठण, मुकुंदराज आणि दासोपंतांचे अंबाजोगाई, नामदेवांचे नर्सी, महानुभावांना पूज्य असलेले माहूर ही सगळी गावे विद्यार्थ्याच्या एस.टी.च्या वाटेवरची. प्राचीन मराठीचा पेपर अवघड खरा, पण त्यातला भूगोल त्याच्या घरचा होता. याच काळात गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित साहित्याला व्यासपीठ दिले. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच अक्षर आले होते अशी मुले वर्गात येऊ लागली होती, आणि त्यांचे जगणे हळूहळू अभ्यासक्रमातही आले. या विभागाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घडामोड म्हटली पाहिजे.

तरीही धर्माबाद ते औरंगाबाद हे अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तकांचा खर्च पेलणारी घरे थोडीच. त्यामुळे नोकरी सांभाळून परीक्षा देणे हाच अनेकांचा मार्ग होता. विचारवंत नरहर कुरुंदकर इंटरला नापास झाले, नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, शिकवता शिकवताच त्यांनी पुढच्या पदव्या मिळवल्या आणि अखेरीस पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. नांदापूरकर हे त्यांचे मामा. नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेडला जन्मलेले नागनाथ कोत्तापल्ले मराठीचे प्राध्यापक झाले, पुढे औरंगाबादच्या विद्यापीठाचे कुलगुरू आणि २०१३ च्या चिपळूण साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मारली गेली, हे या प्रदेशातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास सांगताना गाळता येत नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला नवे विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्याकडे आले. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोलीही त्याच्याच कक्षेत राहिला. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि आफ्रिकी-अमेरिकी साहित्याचे अभ्यासक होते. साहित्याच्या माणसाकडे विद्यापीठाची पायाभरणी आली, हा चांगला योग होता.

आता एम.ए.साठी धर्माबादहून नांदेडला सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येते. विद्यापीठाच्या विष्णुपुरी परिसरात भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल आहे, आणि काही संलग्न महाविद्यालयांतही पदव्युत्तर वर्ग चालतात. वार्षिक परीक्षेची जागा चार सत्रांनी घेतली आहे. एम.ए.नंतर सहायक प्राध्यापक व्हायचे तर साधारणपणे ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे आवश्यक. सेट ही राज्याची परीक्षा १९९५ पासून पुणे विद्यापीठ घेते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासात संशोधनपद्धती आणि क्षेत्रीय काम आले. मराठी आणि तेलुगू एकत्र बोलल्या जाणाऱ्या धर्माबाद, बिलोली आणि देगलूर या सीमाभागातल्या बोली, ओव्या आणि म्हणी गोळा करण्याचे काम त्यामुळे आता अभ्यासक्रमाचाच भाग होऊ शकते.