राईचे आगर आणि समुद्रातील नाद

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, भाईंदरच्या पश्चिम अंगास राई, मुर्धे, मोर्वा ही गावे वसली असून, भरतीचे पाणी बांधाआड कोंडून सूर्यतापाने त्याचे मीठ करण्याचा उद्योग तेथील आगरी समाजाने पिढ्यानपिढ्या चालविला. इंग्रजी अमलातील मिठावरचा कर 1947 साली उठेपर्यंत सरकारी दप्तराला या आगरांची दखल महसुलापुरतीच होती. मीठ बसल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्याची मात्र कोणी मोजदाद केली नाही. आणि त्या कडवटपणास कारण होणाऱ्या मॅग्नेशियमच्या क्षारांतील एकाने पुढे बलाढ्य आरमारांना कोड्यात टाकले.

पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्फटिकाच्या कंपनांतून मानवी कर्णास अगोचर असा उच्च ध्वनी पाण्यात सोडून पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळविला. सागरजलात ध्वनी सेकंदास सुमारे 1500 मीटर वेगाने जातो. परंतु दुसऱ्या महायुद्धातील मोजणीत असे आढळले, की हा उच्च ध्वनी गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात कितीतरी पट लवकर क्षीण होतो.

संशय साहजिकच नेहमीच्या मिठावर गेला. तथापि 1949 च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट लेनर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की विपुल असूनही ते निर्दोष आहे आणि खरे कारण अल्पप्रमाण मॅग्नेशियम सल्फेट हे होय. ध्वनीच्या दाबाने या क्षाराच्या जोडलेल्या कणांचा समतोल ढळतो, तो सावरण्यास किंचित विलंब लागतो, आणि त्या विलंबात ध्वनीची शक्ती उष्णतेत विरते. या सूक्ष्म घडामोडींचा उलगडा जर्मनीत मान्फ्रेड आयगेन यांनी केला. अतिजलद रासायनिक क्रियांच्या अभ्यासाबद्दल त्यांना 1967 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मुख्यतः या क्षारामुळेच समुद्रात 10 किलोहर्ट्झचा ध्वनी किलोमीटरमागे सुमारे 1 डेसिबल गमावतो, तर 100 किलोहर्ट्झचा 30 हून अधिक, म्हणजे त्याच्या शक्तीचा हजारावा हिस्साही उरत नाही.

आज मासळी शोधणारी यंत्रे खोल पाण्यासाठी 50 आणि उथळ पाण्यातील बारकाव्यांसाठी 200 किलोहर्ट्झचा ध्वनी योजतात, त्यामागे हाच नियम आहे. आगराचा इतिहास लिहिताना केवळ मिठाच्या राशी मोजणे पुरेसे नाही. त्या पाण्यातील प्रत्येक क्षाराचा हिशेब त्यात आला पाहिजे.